तिच्या कानाशी

पुढच्या बाकावरच्या मुलीनं आपला फोन शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानाशी धरला आणि बुरुलला सप्टेंबरात ऐकलेलं ते इंग्रजी वाक्य एकाएकी समजलं. मार्श्रुत्का, म्हणजे ती शहरात फिरणारी छोटी बस, नेहमीसारखी खच्चून भरली होती. बाजारापाशी चढलेल्या बायकांच्या पिशव्यांतून कोथिंबिरीचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता, काचांवर वाफ धरली होती. "आबा, बोला की," मुलगी म्हणत होती, "ती ऐकतेय तिकडून. मी धरलाय ना कानाशी, तुम्ही नुसतं बोला." म्हाताऱ्यानं पांढरी उंच टोपी मागं सारली, घसा खाकरला, आणि काय बोलावं ते न सुचून एकदम ओरडला, "जेवलीस का गं?" सगळी गाडी हसली. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "आबा, एवढ्या मोठ्यानं बोलायचं तर फोन कशाला हवा? मॉस्कोपर्यंत असाच जाईल आवाज." बुरुलही हसायला गेली. ओठ फाकले होते, आणि तसेच राहिले. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर आधी काही दिसत नाही, मग हळूहळू कपाट दिसतं, खुर्ची दिसते, तसे त्या वाक्यातले शब्द एकेक करून आपापल्या जागी उभे राहिले. मी फोन तिच्या कानाशी धरते. सावकाश बोला. एवढंच होतं ते. शाळेतल्या पोराला कळावं इतकं साधं. आणि त्यावर आपण काय केलं हेही त्याच क्षणी तिला कळलं, आणि तिनं समोरची दांडी अशी घट्ट धरली की शेजारची बाई म्हणाली, "एजे, बरं वाटत नाही का? खिडकीशी बसता?"

एजे म्हणजे मोठी बहीण. ओश शहरात ओळखीची-अनोळखी सगळी माणसं तिला याच नावानं हाक मारत, विद्यार्थीही. चौतीस-पस्तीस वर्षं विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत आली होती ती, आणि त्याच्या जोडीला 'देशपरिचय' नावाचा एक विषय, म्हणजे इंग्रजी जिथली त्या देशातल्या लोकांच्या रीतीभाती, सण, जेवणखाण, घरं. तो देश तिनं पाहिला नव्हता. तिला शिकवणाऱ्या एल्झा गेन्रिखोव्हनांनीही पाहिला नव्हता. त्या मूळच्या जर्मन. लढाईच्या काळात त्यांच्या लोकांना गुरांच्या डब्यांत भरून इकडं आणून टाकलं, तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. इंग्रजी त्यांनी पुस्तकांतून आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून मिळवलं होतं. एका तबकडीवर एक गृहस्थ चहा मागवायचे. थोडं दूध, साखर नको, आभारी आहे. तो आवाज इतका स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा, की तरुण बुरुलला वाटे, या माणसाच्या घरात धूळ म्हणून नसेल. एल्झा गेन्रिखोव्हना टेबलावर पांढरी चादर घालत, काटे-चमचे मांडत आणि मुलींना रिकाम्या बशांतून जेवायला लावत. "आवाज नको. चमचा बशीला लागता कामा नये. त्या लोकांत दुःखसुद्धा आवाज न करता करतात." बाहेर दुकानांपुढं लोणी-साखरेसाठी रांगा असत, आणि आत वीस मुली रिकाम्या बशांतलं नसलेलं मांस सुरीनं हळुवार कापत. बुरुलला त्याचं कधी हसू आलं नाही. उलट वाटायचं, की आपल्या घरातला तो गोंधळ, चुलत्यांची भांडणं, लग्नातली रडारड, मयतातले बायकांचे हंबरडे, या सगळ्याच्या पलीकडं कुठंतरी एक शांत खोली आहे. तिथं पाऊस काचेवर पडतो, कुणीतरी वाचत बसलेलं असतं आणि कुणी कुणावर ओरडत नाही. ती त्या खोलीत राहायला गेली. लग्न झालं, मोडलं, आई गेली, राज्य बदललं, एकदा तर याच शहरात माणसांनी शेजाऱ्यांची घरं जाळली, पण रोज सकाळी वर्गाचं दार लोटलं की ती त्या खोलीत असे.

साइकाल त्या खोलीत आली आणि तिनं खिडकी उघडली. दुसरं काय म्हणणार? शहराच्या टोकाशी, नदीपलीकडच्या नव्या वस्तीतली पोर. बाप बांधकामावरून पडून गेलेला, आई ऊल्कान घरी तंदूर पेटवून रोट्या विकणारी. पहिल्याच वर्षी देशपरिचयाच्या तासाला तिनं हात वर करून विचारलं होतं, "एजे, ते लोक दुःख बोलून दाखवत नाहीत असं तुम्ही म्हणता, मग एवढ्या कविता कुणी लिहिल्या?" वर्ग हसला होता. बुरुलनं काहीतरी उत्तर दिलं होतं, कवितेतलं दुःख वेगळं वगैरे. पण त्या दिवसापासून ती वर्गात शिरली की आधी डोळ्यांनी त्या पोरीला शोधायची. तिच्या मैत्रिणींना त्यांच्या आया दंतवैद्यक शिकायला धाडत होत्या, नाहीतर उजवत होत्या. ऊल्कानच्याही दिराचं तेच म्हणणं होतं. तेव्हा बुरुल स्वतः गेली होती त्यांच्या घरी, याच मार्श्रुत्केनं. "ऊल्कान, हिला शिकू दे. अशी पोर मला पुन्हा मिळायची नाही." ऊल्कानचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तिनं फक्त एवढंच विचारलं होतं, "त्यानं तिचं भलं होईल ना, एजे?" आणि बुरुल म्हणाली होती, होईल.

पदवी मिळाली आणि इथल्या शाळेतल्या पगारात दोघींचं भागेना, म्हणून साइकालनं तिकडच्या शेतांवर हंगामी कामाचा अर्ज केला. दरवर्षी इथली पोरं जात, स्ट्रॉबेऱ्या तोडायला. बुरुलला आधी वाईट वाटलं, की साहित्य शिकलेली पोर फळं तोडणार. मग मनात एक वेगळीच आशा हलली. "जा," ती म्हणाली, "मला जे बघता आलं नाही ते बघून ये. आणि मला सांग." साइकाल सांगायची. बोललेले निरोप पाठवायची, वाऱ्याच्या आवाजात, धापा टाकत. "एजे, आज पहिल्यांदा त्यांच्याशी हवामानावर बोलले! तुमचा धडा पाठ होता, पण समोरच्यानं असं काही उत्तर दिलं की मला एक अक्षर कळलं नाही." मग काही आठवड्यांनी, "एजे, इथं तुमच्या तबकडीसारखं कुणीच बोलत नाही हो. शब्द अर्धे गिळतात. पण आता मला कळायला लागलंय. तुम्ही आलात तर मी दुभाषी." खळखळून हसली होती त्यावर. बुरुलनं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला होता, आणि हसताना तिला कुठंतरी जरासं लागलंही होतं. दुभाषी म्हणे. एकदा साइकालनं गल्ल्यांचं सांगितलं. दोन्हीकडं उंच झुडपांच्या भिंती, मधून जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता, वर पक्षी. "अगदी तुम्ही वाचून दाखवायचात तश्शा आहेत, एजे. ते एक खोटं नव्हतं." अशाच एका गल्लीत, संध्याकाळी दुकानातून सायकलवर परतताना, वळणावरून आलेल्या गाडीनं तिला उडवलं.

इस्पितळातून पहिला फोन दुभाष्यामार्फत आला होता, रशियनमधून. ऊल्कानला तेवढं कळलं, की डोक्याला मार आहे, शुद्ध नाही, यंत्रावर ठेवलंय. दुसरा फोन आला तो रविवारी दुपारी, आणि रविवारी त्यांच्याकडं दुभाषी नव्हता. शेजाऱ्याची गाडी धावत बुरुलला घेऊन आली. खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे गालिच्यावर फोन ठेवला होता आणि सगळ्या त्याच्याकडं चुलीकडं बघावं तशा बघत होत्या. बुरुल आली तशी त्यांनी जागा केली. एकजण म्हणाली, "आल्या बाई आल्या. आता कळेल." त्या शब्दांनी बुरुलच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला होता. हे तिला आता, या गाडीत बसल्याबसल्या, फार स्पष्ट आठवत होतं. तिला आनंद झाला होता म्हणता येणार नाही. पण कुठंतरी, त्या सगळ्या भीतीच्या तळाशी, एक जुनी तयारी उठून उभी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या देशातलं माणूस तिच्याशी, तिच्या एकटीशी बोलणार होतं. तिकडून बाईनं विचारलं, कुणाला इंग्रजी येतं का. तेवढं कळलं. बुरुलनं आवाज सारखा केला आणि एल्झा गेन्रिखोव्हनांच्या उच्चारांत सांगितलं, होय, मी इंग्रजीची प्राध्यापिका आहे.

आणि मग ती बाई बोलायला लागली. नर्स होती. आवाज जाडसर, मायाळू, उत्तरेकडचा असावा. तो कुठूनही धरता येईना. शब्द एकमेकांत विरघळलेले, टोकं झिजलेली, स्वर भलतेच. बुरुल ऐकत होती आणि वाहत्या पाण्यातून खडे वेचावेत तसा मधूनच एखादा शब्द हाती येत होता. 'मशीन'. 'आज सकाळी'. 'लव्ह'. हा शब्द तर दोनदा आला, तीनदा आला. तो तिनं उभ्या जन्मात फक्त कवितेत वाचला होता, त्यामुळं ती दचकली. नर्स आपल्यालाच त्या नावानं हाक मारतेय, तिकडच्या साध्या बायका अशीच हाक मारतात, हे तिला माहीत नव्हतं. ते तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पुन्हा सांगा, असं तिला म्हणता आलं असतं. म्हणायला हवं होतं. पण खोलीतल्या साऱ्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि ऊल्कान तर श्वास रोखून. बुरुल म्हणाली, "येस. येस. थँक यू." आणि बायकांकडं वळून सांगितलं, "फार प्रेमानं काळजी घेताहेत म्हणते." मग शेवटचं ते वाक्य आलं. त्यातलं 'होल्ड' तिनं थांबा अशा अर्थानं घेतलं, 'इयर' तिला 'हियर' असं ऐकू आलं, आणि 'टेक युअर टाइम' मधला नुसता 'टाइम'. तिनं जुळवलं. इथंच थांबा, वेळ लागेल. "थांबायला सांगितलंय," ती म्हणाली, "वेळ लागेल. डॉक्टरला बोलवायला गेली असेल."

मग फोनमधून कुणी बोलेना. नुसता एक आवाज येत राहिला, ओढल्यासारखा, मधे थांबणारा, परत येणारा. बुरुलला वाटलं, लाइनचा असेल. ऊल्कान एकदम फोनकडं झुकली, तिनं तोंड उघडलं, आणि बुरुलनं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. तिकडं कुणी बोललं तर ऐकू यायला हवं, म्हणून. सगळी खोली गप्प राहिली. तंदूर विझत आला होता, त्याचा वास येत होता. फार वेळ झाला असं वाटलं तेव्हा बुरुलनं फोन तोंडाशी नेऊन हळू, नीट, सभ्यपणे म्हटलं, "हॅलो? वी आर वेटिंग." पुन्हा तोच आवाज. पुन्हा थोड्या वेळानं, "वी आर वेटिंग." शेवटी नर्स परत आली, तिचा आवाज भिजलेला होता, तिनं काहीतरी विचारलं, बुरुल म्हणाली थँक यू, आणि फोन बंद झाला. साइकाल त्याच दिवशी गेली. यंत्र सकाळीच काढलं होतं हे नंतर दुभाष्याकडून कळलं. कुणी विचारलं तर बुरुल सांगे, शांतपणे गेली, झोपेतच. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण लोकांना ते हवं असे, आणि ती तिकडचं जाणणारी होती.

शेवटच्या थांब्यावर ती उतरली तेव्हा ऊल्कानला द्यायला आणलेला मांडीवरचा साखरेचा पुडा दाबला जाऊन एका कोपऱ्यात फुटला होता. आज साइकालच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं. गल्लीच्या तोंडाशीच मोठ्या कढईचा धूर दिसला, पुरुष बाहेर बाकांवर बसले होते, कुराणपठण होऊन गेलं होतं. तिच्या पायांना जायचं नव्हतं. परत फिरावं, प्रकृतीचं कारण सांगावं, असं मनात आलं. आणि सांगायचं तरी काय, कशासाठी, हेही आलं. जिला ठाऊक नाही तिच्या छातीत हा सुरा नेऊन खुपसायचा, म्हणजे आपल्या छातीतला निघेल? तो आपल्या एकटीचाच असू दे. चांगलं वाटलं हे म्हणणं. जवळजवळ पुण्यकर्मच वाटलं. मग तिला स्वतःचीच किळस आली, कारण त्यात कुठंतरी हेही होतं, की वर्षानुवर्षांची एजे आज रोटीवालीच्या घरात, वस्तीतल्या सगळ्या बायकांसमोर, इंग्रजी न येणारी ठरेल.

बायकांच्या खोलीत तिला वरच्या जागी बसवलं. समोर कणकेचे तळलेले बोर्सोक, जाम, सूप आलं. कुणीतरी म्हणालं, "एजे काही खात नाहीत. वाढा गं त्यांना मांस." बुरुलनं वाटी ओठांना लावली आणि खाली ठेवली. ऊल्कान काळा रुमाल बांधून येत-जात होती, कुणाला काय हवं बघत होती. चेहरा कोरडा. ती रडली नाही म्हणून बायका आपसात कुजबुजत होत्या. तिकडून शवपेटी आली तेव्हाही रडली नव्हती, नातेवाईक बायकांनी शोकगीतं म्हटली पण आईचा आवाज निघाला नव्हता. थोड्या वेळानं ती बुरुलपाशी वाकली. "एजे, जरा आत येता?"

आतल्या खोलीत रजयांची चळत छपरापर्यंत गेली होती. ऊल्कान एक रजई ओढून उगाच घडी मोडायला आणि पुन्हा घालायला लागली.

"एक विचारू? तुम्ही शिकलेल्या, म्हणून विचारते."

"विचार."

"तिकडं मरणाऱ्या माणसाशी बोलत नाहीत का?"

बुरुलनं मागं हात करून दार लोटून घेतलं.

"त्या दिवशी फोनमधून श्वास येत होता ना," ऊल्कान रजईकडं बघत म्हणाली. "तो तिचा होता. लहानपणी डांग्या खोकला झाला होता तिला, तेव्हापासून श्वास आत घेताना असा एक बारीक सूर यायचा. माझ्या कुशीत झोपलेली पोर ती. मी नाही ओळखणार? मी बोलायला गेले तर तुम्ही गप्प केलंत. मी म्हटलं, असेल त्यांच्यात तशी रीत. साइकाल सांगायची, आमच्या एजे शिकवतात, ते लोक दुःखात आवाज काढत नाहीत, मोठ्यानं रडलं की त्यांना अडाणीपणा वाटतो. म्हटलं, माझ्या अडाणीपणापायी परक्या मुलखात पोरीची मान खाली जायला नको. म्हणून नाही बोलले. नाहीतर मला बोलायचं होतं, एजे. पुष्कळ बोलायचं होतं."

बाहेर वाट्यांचा आवाज येत होता. हो, तशीच रीत आहे त्यांची, असं म्हटलं की झालं असतं. शब्द जिभेवर होते. तिच्या सगळ्या आयुष्यातून ते तयार होऊनच आले होते. ऊल्कान मान हलवेल, रजई ठेवील, बाहेर जाऊन चहा ओतील. आणि ती खोली, काचेवर पाऊस पडणारी ती शांत खोली, जिथल्या तिथं राहील.

"नाही," बुरुल म्हणाली. "तशी रीत नाही. बोलतात."

ऊल्कानचे हात थांबले.

"मला तिचं बोलणं समजलं नाही, ऊल्कान. त्या बाईचं. ती म्हणाली होती, फोन तिच्या कानाशी धरते, बोला तुम्ही. मला कळलंच नाही. मी तुला भलतंच सांगितलं. आज गाडीत येताना कळलं."

"समजलं नाही म्हणजे?" ऊल्कान खरोखरच न कळून म्हणाली. "तुम्ही तर इंग्रजी शिकवता."

"हो."

"एवढी वर्षं."

"हो."

ऊल्कान खाली बसली. रजई तिच्या मांडीवर अर्धी उलगडलेली होती. ती ओरडेल, अंगावर येईल, निदान तोंड फिरवील, असं बुरुलला वाटत होतं, आणि ते व्हावं असंही वाटत होतं. पण ऊल्कान नुसती भिंतीकडं बघत राहिली, काहीतरी मागं जाऊन आठवत असल्यासारखी.

"तुम्ही मधे बोललात," ती म्हणाली. "फोनमधे. दोनदा. काय बोललात?"

"आम्ही वाट बघतोय, असं म्हणाले."

"तिला?"

"मला वाटत होतं त्या नर्सला. पण फोन तिच्या कानाशी होता."

"इंग्रजीत."

"इंग्रजीत."

ऊल्कान ओठ हलवत ते वाक्य आपल्या भाषेत स्वतःशीच म्हणून बघत होती. आम्ही वाट बघतोय. आम्ही वाट बघतोय.

"तिला कळलं असेल?"

"ऐकू आलं असेल तर कळलं असेल."

"चांगलं येत होतं ना तिला? इंग्रजी?"

"फार चांगलं येत होतं."

"तुमच्यापेक्षा?"

"माझ्यापेक्षा," ती म्हणाली. "कितीतरी."

ऊल्काननं मान हलवली, हळूहळू, हिशेबात कुठंतरी काही जमल्यासारखी. मग तिनं मांडीवरची रजई दोन्ही हातांनी उचलून त्यात तोंड खुपसलं, आणि आतून आवाज आला. आधी गुदमरलेला, मग रजईत न मावणारा, मोठा, उघडा. पोरीचं नाव घेऊन ती बोलायला लागली होती. काय बोलतेय ते नीट कळत नव्हतं. बाहेरच्या खोलीतलं वाट्या-चमच्यांचं वाजणं थांबलं, पुरुषांचंही बोलणं थांबलं. बुरुल तिच्यामागं उभी होती. त्या पाठीवर हात ठेवायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे तिला समजेना.